निळ्याखालचं अस्तर

"खरवडत कशापायी बसलीस ताई? वरनंच मार की निळा," नेपोमुसेनो म्हणाला.

हासिंतानं मान वर केली नाही. त्याच्या सायकलीचं मागचं मडगार्ड तिनं मांडीवर आडवं घेतलं होतं आणि पत्र्याच्या धारेनं ती त्याचा लाल रंग सोलत होती. रंगाची सालं तिच्या घागऱ्यावर पडत होती. सकाळपासून पठारावर धुकं बसलं होतं, इतकं दाट की अंगणापलीकडची बटाट्याची सरीसुद्धा दिसेना. कुठंतरी खाली एक गाय सारखी हंबरत होती. तिची धार काढायला कुणी गेलं नव्हतं वाटतं.

"वरनं मारला तर म्हैन्याभरात पोपडं सुटतील," ती म्हणाली. "मग पोपड्याखालनं लाल डोकावला तर काय करशील?"

दोन वर्षांपूर्वी हाच नेपो याच अंगणात उभा राहून म्हणाला होता की, असा लाल दे की धुक्यात माझी बायको लांबनं म्हणंल, आला माझा धनी. तेव्हा ताकीरा गावातल्या दूधवाल्यांची तीच रीत होती. पहाटे दुधाच्या कासंड्या लादून वीस-बावीस सायकली डेअरीकडं सुटायच्या आणि प्रत्येकाच्या मडगार्डाचा रंग वेगळा. हासिंताच तो कालवून द्यायची. कुणाला पिकल्या लिंबाचा, कुणाला कोवळ्या मक्याच्या पानाचा, कुणाला बायकोच्या शालीसारखा. लोक शाल घेऊन यायचे आणि ती तंतोतंत तसा रंग उतरवायची. तिचा बाप बैलगाड्या आणि देवळातले संत रंगवायचा, त्याच्याकडून तिच्या हाताला ते आलं होतं.

पण राजधानीत गोळीबार झाला आणि रंगांची गंमत सरली. लाल म्हणजे लाल पक्षाचा आणि निळा म्हणजे निळ्या पक्षाचा, बाकीच्या रंगांकडं कुणी बघेनासं झालं. डोंगरापलीकडच्या गावात लालवाल्यांच्या दारांवर कोळशानं फुल्या मारल्या होत्या, आणि फुली असलेल्या घरांतनं आता धूर निघत नव्हता. तिथनंच निळ्यांचे बारा-पंधरा बंदुकवाले ताकीऱ्यात येऊन राहिले होते. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं पाहुणे. ते जेवायचे पाहुण्यासारखे आणि जायचं नाव काढत नव्हते.

"तू कवा लाल पक्षाचा झालास रं?" हासिंतानं विचारलं.

"म्या कुटं झालो? बाप व्हता. आज्जा व्हता. मला तर नुसता रंग आवडला व्हता." नेपो कुंपणाकडं बघत म्हणाला. "आता असं वाटतंय की बोंबलत फिरतोय मी, मला मारा म्हणून."

"दोन दिस लागतील."

"एका दिसात न्हाई व्हायचं?"

"आधी खरवडायचं, मग अस्तर, मग ते वाळायचं. ह्या धुक्यात वाळतंय व्हय लवकर? घाई करून माझ्या हातनं वंगाळ काम व्हत न्हाई, तुला ठावं हाय."

त्या आठवड्यात नेपोसारखे नऊ जण आले. कुणी मडगार्ड पोत्यात गुंडाळून आणलं, कुणी बायकोच्या हाती धाडलं. सगळ्यांना निळाच पाहिजे होता. हासिंतानं प्रत्येकाचा जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला, आणि नेहमीसारखं शेंदूर, गेरू आणि जवसाचं तेल घोटून अस्तराचा हात दिला. ते अस्तर विटेसारखं लाल दिसायचं. त्याच्याशिवाय पठारावरच्या चिखलात पत्रा सहा महिने टिकत नसे. ती चौदा वर्षं हेच करत आली होती, हिरव्याखाली तेच, पिवळ्याखाली तेच. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

शनिवारच्या बाजाराला आठ दिवस असताना इन्स्पेक्टर बेनाविदेस आला. चार महिन्यांपूर्वी त्याची बदली इकडं झाली होती. शहरगावचा माणूस, पायात चकचकीत बूट, बोलणं हळू. त्याला कुणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि त्याचीच गावाला जास्त भीती वाटायची. सोबत नवी कोरी काळी सायकल होती.

"काळा रंग प्रेतयात्रेसारखा वाटतो," तो म्हणाला. "निळा करून द्या. चांगला, उठावदार. माझ्या हुद्द्याला शोभेल असा."

"करते साहेब. ठेवून जावा. तीन दिस लागतील."

तो गेला नाही. छपरात शिरला, टांगलेली मडगार्डं बघत हिंडला. एकाला नखानं टिचकी मारली. पत्रा वाजला.

"हल्ली निळ्याला फार मागणी आलेली दिसते."

"आवडतो लोकांना."

"कुणाकुणाला आवडायला लागला अचानक?"

हासिंतानं कुंचला तेलात बुडवला. "म्या पत्र्याकडं बघती साहेब. माणसाकडं बघत न्हाई. माणूस बोलत बसला की माझा हात चुकतो."

बेनाविदेस हसला. "नावं नका सांगू. मला कुणाचं वाईट करायची हौस नाही हो. मला घरी एक पोर आहे, बायको आहे. पण वरून विचारणा होते. या गावात इतके लाल होते, ते सगळे गेले कुठं? मी काय उत्तर देऊ? हवेत विरले?" छपराच्या दारात थांबून त्यानं हातमोजे ओढत म्हटलं, "असू द्या. रंगाखाली काय आहे ते बघायला फार हुशारी लागत नाही. एक चाकू पुरतो."

हासिंतानं त्याच्या सायकलीचा काळा रंग खरवडला, अस्तर दिलं आणि वर निळ्याचे तीन हात दिले. काम सुरेख झालं. तिला स्वतःलाच ते बघून बरं वाटलं नाही. इन्स्पेक्टरच्या बायकोनं, एल्विरानं, येऊन सायकल नेली. किरकोळ बाई, बसल्या आवाजाची. जाताना म्हणाली, "फार छान झालीय. त्यांना आवडेल."

त्या चाकूच्या गोष्टीवर हासिंता चार दिवस विचार करत होती. नेपोची, त्या नऊ जणांची मडगार्डं तिनं पत्र्यापर्यंत खरवडली होती. लाल रंगाचा टिपूस उरला नव्हता. मग भ्यायचं कशाला, असं तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी ऊन पडलंच नाही. दहाच्या सुमाराला ती जवसाचं तेल उकळत असताना नेपोची बायको फिदेलिया बांधावरनं धावत आली. तिच्या एका पायात वहाण नव्हती.

"पुलावर धरलं त्याला. चाकूनं खरवडलं मडगार्ड, आन आतनं लाल निघाला. तू म्हनली व्हतीस पार काडलाय. ताई, तू म्हनली व्हतीस."

"काडला व्हता. शपथेवर सांगते, पार काडला व्हता..." हासिंताचं वाक्य तिथंच तुटलं. शेजारच्या मडक्यात तिनं सकाळी घोटलेलं अस्तर होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग खाली बसली.

"काय झालं?"

"अस्तर लाल असतंय, फिदेलिया. समद्यांचंच लाल असतंय."

फिदेलियाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं सांगितलं ते असं. पुलावर पाहुण्यांनी दोर आडवा बांधलाय. बाजाराला जाणारी प्रत्येक सायकल थांबवतात, मडगार्डावर चाकूचं टोक ओढतात. लाल निघाला की माणूस बाजूच्या वखारीत. चौदा जण झालेत आतापर्यंत. देवळाचा घंटावाला ओनोफ्रेसुद्धा आत आहे.

"ओनोफ्रेमामा? त्यो तर जन्माचा निळा."

"तेच तर. वरडत व्हता, माझ्या आज्ज्याच्या छातीत लालवाल्यांची गोळी हाय म्हणून. त्याच्या दाडेवर बंदुकीचा दस्ता बसला." फिदेलियानं पदरानं नाक पुसलं. "दुपारी ट्रक येनार हाय म्हनं. जिल्ह्याला नेनार. मागं त्या ट्रकमदनं गेलेला एक तरी माघारी आलाय का, सांग मला."

हासिंता उठली. छपरात अर्धं झालेलं एक मडगार्ड टांगलं होतं, एका टोकाला उघडा पत्रा, मधे लाल अस्तर, पुढं निळा. ते तिनं काखेत मारलं आणि तेलाखालचा जाळ विझवून बाहेर पडली. फिदेलिया मागोमाग येत होती, तिला तिनं बांधावरच थांबवलं.

पुलापर्यंत वळणावळणानं अर्ध्या कोसाची वाट. चालताना तिच्या मनात एकच येत होतं, की आपण काय बोलणार हे आपल्याला माहीत नाही. पुलाच्या अलीकडं बायकांचा घोळका उभा होता, कुणी रडत नव्हतं. कासंड्या आडव्या झाल्या होत्या आणि सांडलेलं दूध दगडांमधनं ओढ्याकडं चाललं होतं. वखारीच्या दाराशी दोन पाहुणे. दोराजवळ तिसरा, भुवई तुटलेला, चाकू मांडीला पुसत बसलेला. बेनाविदेस कठड्याला टेकून उभा होता, शेजारी त्याची सायकल.

"बाई, आज काम नाही का?" त्यानं विचारलं.

"कामाचंच सांगायला आलेय साहेब." तिनं मडगार्ड पुढं धरलं. "ह्यो पत्रा. ह्ये अस्तर, शेंदराचं. आन ह्यो रंग. अस्तर न्हाई दिलं तर रंग धरत न्हाई. कुनी हिरवा मागू दे, कुनी निळा मागू दे, अस्तर येकच. ह्या लोकांचा दोष न्हाई. खाली जे लाल दिसतंय ते माझं हाय."

बेनाविदेसनं मडगार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. त्याला पटलं हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो हुशार माणूस होता. पण त्याच्या मागं बंदुकवाले उभे होते आणि ट्रकला निरोप गेलेला होता.

"हे तुम्ही आज सांगताय," तो म्हणाला. "माणसं पकडल्यावर. वाचवायला कुणीही काहीही रंगवून आणेल."

"मग दुसरी कुटलीबी सायकल बघा."

"कुठली बघू?"

हासिंतानं बोट दाखवलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. पण तिची नजर त्याच्या सायकलीवर गेली, आणि ती काढून घ्यायला तिला उशीर झाला.

भुवई तुटलेला उठला. सावकाश, जसा जेवणावरनं उठावा तसा. "ह्या सायकलीला बी हिनंच रंग दिलाय न्हवं साहेब?"

"मागं हो," बेनाविदेस म्हणाला.

"बघू तरी. बाई खोटं बोलत आसंल तर कळंल की."

इन्स्पेक्टर हलला नाही. हलला असता तर वेगळं दिसलं असतं, आणि न हलणंही बरं दिसत नव्हतं. चाकूचं टोक मागच्या मडगार्डावरनं वीतभर फिरलं. खर्रकन आवाज आला. निळा कुरळा होऊन उठला आणि खाली विटेसारखी लाल रेघ उघडी पडली.

कुणी हसलं नाही. वखारीतनं ओनोफ्रेचं कण्हणं ऐकू येत होतं. भुवई तुटलेला त्या रेघेकडं बघत राहिला, मग इन्स्पेक्टरकडं, मग वखारीच्या दाराशी उभ्या असलेल्या दोघांकडं. त्या तिघांनी एकमेकांत काय बघितलं ते हासिंताला कळलं, आणि तिला वाटलं की आपण इथं यायला नको होतं. आणि यायला पाहिजेच होतं, असंही वाटलं.

"सोडा त्यांना," बेनाविदेस म्हणाला. त्याचा आवाज तसाच हळू होता.

चौदा जण एकामागोमाग बाहेर आले. नेपोच्या डाव्या कानातनं रक्त गळत होतं. तो कान पुढं कायमचा गेला. ओनोफ्रेला दोघांनी धरून आणलं. तो बायकांसमोरनं जाताना कुणाकडं बघेना, निळ्यांकडंही नाही आणि लालवाल्यांकडंही नाही.

हासिंता परतायला वळली तसा बेनाविदेस तिच्याजवळ आला. मडगार्ड तिच्या हातात देत म्हणाला, "तुम्ही मला नुसतं एकटं बोलावून सांगायला हवं होतं."

"तुमी ऐकलं असतं?"

त्यानं जरा विचार केला. "नाही," तो म्हणाला. मग सायकलीला हात न लावताच पुलावरनं चालत गेला.

सोमवारपर्यंत ताकीऱ्यातल्या दूधवाल्यांच्या एकाही सायकलीला मडगार्ड उरलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. लालवाल्यांनी काढली, निळ्यांनीही काढली. कुणी तळ्यात टाकली, कुणी गोठ्याच्या भिंतीत चिणली. पावसाचे दिवस. दूधवाले डेअरीत पोचायचे तेव्हा त्यांच्या अंगावर पांघरलेल्या लोकरी रुआन्यांवर कमरेपासनं टोपीपर्यंत चिखलाचा पट्टा उठलेला असायचा. धुक्यात कोण कुणाच्या पुढं चाललाय ते कळत नसे. पूर्वी एकमेकांना हाका मारायचे, तेही बंद झालं. हासिंताच्या छपरात काम उरलं नाही. ती शेजारणीच्या शेतात बटाटे काढायला जायला लागली.

बेनाविदेसला बुधवारी नेलं, भर दुपारी. ट्रक लालवाल्यांसाठी यायचा तोच होता. वर कुणीतरी लिहून कळवलं होतं की, ताकीऱ्याचा इन्स्पेक्टर वरनं निळा आणि आतनं लाल आहे, चौदा जण त्यानं हातचे सोडले. तो स्वतःच चढला म्हणतात, कुणी ढकललं नाही. त्याला वाटत असावं की, जिल्ह्याला गेल्यावर सगळं समजावून सांगता येईल.

फिदेलियाला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं." नेपोच्या कानात कोमट तेल घालत होती. "त्याच्या घरावरनं जाताना मी थुंकनार हाय, रोज."

हासिंताला रात्री जेवण जात नव्हतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी सकाळी एल्विरा तिच्या अंगणात आली. नवऱ्यानं पुलावर सोडलेली ती सायकल तिनं हातानं ढकलत आणली होती. मागच्या मडगार्डावरची ती लाल रेघ पावसानं आणखी उघडी पडली होती.

"मला जिल्ह्याला जायचंय," ती म्हणाली. "त्यांची चौकशी करायला. बसवाले मला घेत नाहीत. ओळखतात." तिनं रेघेवर तळवा ठेवला. "हे घेऊन पुलावरनं कशी जाऊ? हे खरवडून नुसता निळा द्या. खाली लाल नको."

"अस्तराबिगर गंजंल ते, बाईसाहेब."

"गंजू दे."

"वाळायला तीन दिस लागतील."

"तीन दिवस?" एल्विरा म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की हासिंतानं पुढचं बोलणं सोडून दिलं. तिनं पाना उचलला. चार नट होते, एक गंजून बसला होता, त्याला तेल सोडून तिनं तो ठोकून फिरवला. दोन्ही मडगार्डं निघाली. तिनं ती छपराच्या भिंतीला उलटी टेकून ठेवली.

"आता हितली समदी अशीच हिंडत्यात," ती म्हणाली. "तुमीबी तशाच जावा. पोर कुटं हाय?"

"ओनोफ्रेंच्या बायकोकडं ठेवलंय. तिनं ठेवून घेतलं." एल्विरा सायकलीवर बसली. नीट येत नव्हती तिला, पहिल्या दोन वळणांना पाय टेकावे लागले. हासिंता घरात जाऊन आपली जुनी रुआना घेऊन आली, पण तोवर ती बांधापार गेली होती. हाक मारली तेव्हा वळून तिनं मान हलवली, नको म्हणून.

पाऊस बारीक पडत होता. फिदेलिया आपल्या कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. एल्विरा तिच्यासमोरनं गेली. फिदेलियानं तिला पुरतं जाऊ दिलं. चाकामागनं चिखल उडून त्या बाईच्या पातळ काळ्या कपड्यावर पाठीच्या मधोमध चढत होता. हासिंताही रुआना घेऊन फिदेलियाच्या कुंपणाशी आली, आणि ती भिजलेली पाठ लांब जाईपर्यंत दोघी बघत होत्या.

धुकं जरा वर उचललं होतं आणि कुंपणापासनं खालचा पूल दिसत होता. तिथं दोर अजून बांधलेला होता. भुवई तुटलेला उठून पुढं आला. त्यानं सायकलीभोवती एक फेरी मारली, मागं बघितलं, पुढं बघितलं. खरवडायला काही नव्हतं. काहीतरी विचारलं असावं, कारण एल्विरा पाय टेकून बराच वेळ थांबली. मग त्यानं दोर खाली सोडला. ती पलीकडं गेली, निलगिरीच्या वळणावर धुक्यात शिरली.

"भिजंल की ती," फिदेलिया म्हणाली. "काय पांगराय तरी द्यायचं व्हतंस."

"देत व्हते," हासिंता म्हणाली. "न्हाई घेतलं तिनं."

फिदेलियानं हासिंताच्या हातातली रुआना घेतली, घडी घालून कुंपणावर ठेवली.

"माघारी हितनंच येईल न्हवं," ती म्हणाली. "तवा देऊ."